गाव राहू द्या, खोली दाखवा!

अजिंठ्याहून परतलेल्या माणसाला विचारावं, काय काय पाहिलंत? आणि त्यानं डोळे अर्धवट मिटून, पद्मपाणी समोरच उभा असल्यासारखं हसून सांगावं, "काय सांगू तुम्हाला, गिझर काय फास्ट होता!"

घ्या! लेण्यांतली चित्रं पंधराशे वर्षं टिकली त्याचं काही नाही, पण सकाळी साडेपाचला नळाला कढत पाणी आलं त्याचं केवढं अप्रूप! दौलताबाद कसा वाटला? पार्किंग लांब आहे हो. नांदेड? निवासात लिफ्ट होती, आईचे गुडघे वाचले. माहूर? अहो, बाल्कनी मिळाली बाल्कनी! माणसं गावं पाहायला जातात की गाद्या? आपल्यासारख्या पापभीरू, सरळमार्गी वाशिमकरांनी आता संतापायचं नाही तर कधी संतापायचं?

तर आपण संतापलेले आहोत. चहा घेत, दुसऱ्याच्या मोबाईलवर त्याच्या खोलीचे फोटो पुढे-मागे सरकवत, मोठ्ठं करून पाहत, पण संतापलेले आहोत.

कारण ही साथच आहे. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा, सहाही तालुक्यांत एक घर सुटलेलं नाही. सोयाबीन विकलं की पूर्वी सोनं, नाहीतर मोटारसायकल. आता चार दिवसांची सहल. आणि सहल ठरली म्हणजे काय ठरलं? गाव दोन मिनिटांत ठरतं. गाडी पाच मिनिटांत. त्यानंतर सगळा महिना एकाच प्रश्नाचं दळण: राहायचं कुठं? रात्री एक वाजता अख्खं घर पांघरुणात डोकं खुपसून हॉटेलांचे अभिप्राय वाचतंय. नवरा खालच्या अंगाला वाचतो, बायको वरच्या. मध्येच ती ओरडते, "अहो, हे पाहा, या माणसाला उशीत केस सापडला!" झालं, आठ दिवसांचं संशोधन पाण्यात. कुठल्या कोण परक्या माणसाला तीन वर्षांपूर्वी एक केस सापडला, म्हणून रिसोडचं कुटुंब या वर्षी महाबळेश्वरला जात नाही!

एक काळ होता, खोली हा विषयच नव्हता. नागपूरला आत्याची जाऊ, अकोल्याला साडू, पुण्याला गावचा पोरगा कॉट भाड्यानं घेऊन राहिलेला. त्या एका कॉटवर आपली सात माणसं उतरायची. पत्र टाकलं तर टाकलं, नाहीतर थेट दारात. यजमानीण आतून धास्तावलेली, बाहेरून हसरी. न उतरता परस्पर गेलात, तर वर्षभराचा अबोला: "काहून बाप्पा, आमच्या घरी जागा नवती का?" जिथं नातलग नाही तिथं धर्मशाळा. वळकटी सोडायची, सतरंजी टाकायची, पितळी तांब्या उशाशी, चपला उशीखाली. रात्री ढेकूण चावले तर सकाळी तेही तीर्थाच्या पुण्यात धरायचे.

आणि आता? तोच साडू, फोनवर आपण येतोय म्हटलं की आनंदानं गदगदून सांगतो, "या, या! आमच्या घरापासून दोन मिनिटांवर एक फर्स्टक्लास हॉटेल झालंय!" आपण चिडतो का? छे. आपण तर सुटकेचा श्वास सोडतो. एकमेकांच्या घरी न राहण्यावर दोन्ही पार्ट्या इतक्या खूश असलेलं नातं वऱ्हाडानं याआधी पाहिलं नव्हतं.

बरं, तरुण पोरांचं समजू शकतो. पण बाटलेले पाहिलेत का? आयुष्यभर एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून पंढरी केलेले, चंद्रभागेच्या वाळवंटात पोतं अंथरून झोपलेले काका. त्यांना परवा कुणीतरी विचारलं, येता का वारीला? काका म्हणाले, "येतो. पण अटॅच आहे का?" ज्या आजींनी उभ्या जन्मात परक्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, त्या हल्ली खोलीत शिरल्या शिरल्या किटली लावतात. शेगावला भक्तनिवासाच्या रांगेत उभं राहून पाहा. गजानन महाराजांचं दर्शन शांतपणे होईल याची खात्री सगळ्यांनाच असते, ती धाकधूक नाही. धाकधूक खिडकीवरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहत असते: एसी म्हणतो का नॉन एसी? चावी हातात पडली की चेहऱ्यावर जे तेज येतं, त्याला साक्षात्कार म्हणायचं नाही तर काय?

आणि तो खोलीप्रवेश! जवळून पाहण्यासारखा सोहळा असतो. पहिला मान घरातल्या कर्त्या बाईचा. ती चप्पल दाराशी काढते, दोन बोटांनी चादरीचा कोपरा उचलते आणि खालची गादी पाहते. मग उशीचा वास. मग पडदा सरकवून, बाहेर दुसऱ्या हॉटेलची भिंत आहे हे पाहून एक "हं!" तोवर नवऱ्यानं एसी अठरावर नेलेला असतो, कारण पैसे भरलेत. पोरं गादीवर उड्या मारून स्प्रिंग तपासतात. शेवटी सगळं कुटुंब मोरीकडे. फ्लश ओढला जातो, एकदा नव्हे, दोनदा. नळ डावा गरम की उजवा, यावर मतभेद. आणि मग ती भीषण शांतता. बादली आहे. मग नाही. रिसेप्शनला फोन. तिकडचा मुलगा म्हणतो, शॉवर आहे ना मॅडम. मॅडम त्याला उत्तर देत नाहीत. मॅडम पिशवीतून स्वतःचा मग काढतात. घरून आणलेला, लाल, कान तुटलेला. परवा कळलं की आपल्या ओळखीतली निम्मी घरं मग घेऊनच प्रवास करतात. म्हणजे पंचतारांकित हॉटेल हवं, फुकटची साबणाची वडी हवी, टोपी हवी, शिवणकामाची ती इवलीशी डबी हवी, आणि अंघोळ मात्र आपल्या मगानं!

किटलीबद्दल बोलायलाच नको. चहासाठी ठेवलेल्या त्या बापड्या किटलीत मॅगी शिजते, अंडी उकडतात. ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा घरून आलेला असतोच. हॉटेलचं जेवण "लय महाग" म्हणून.

आता या सगळ्यावर कळस म्हणजे आयर्लंड. हो, हो, आयर्लंड! कारंज्याचं एक कुटुंब. नाव सांगणार नाही, कारंज्यात सगळ्यांना माहीत आहे. मुलगा डब्लिनला कॉम्प्युटरमध्ये. आईवडील निघाले भेटीला. आता डब्लिनला पोराच्या घरी राहावं, नातवंडं खेळवावी, सुनेला धिरडी शिकवावी, की नाही? नाही. सुनेनं सुचवलं, दोन दिवस किलकेनीला जाऊ, जुनं गाव आहे. झालं! व्हिसाच्या अर्जातही कुठं राहणार ते लिहावं लागतं म्हणे. एवढं निमित्त मिळालं आणि इकडे दिल्ली वेस ते मंगरूळ वेस, घराघरांत किलकेनीच्या खोल्यांचा अभ्यास सुरू झाला.

एक गोष्ट लक्षात घ्या. किलकेनी डब्लिनहून आगगाडीनं दीड तासावर. सकाळी पोहे खाऊन निघावं, संध्याकाळी खिचडीला घरी. पण मुक्काम नाही तर सहल कसली? मुक्काम नाही तर स्टेटसला काय लावायचं, तिकीट?

मग पक्ष पडले. एक नोअर नदीच्या काठचा पक्ष: खिडकीतून किल्ला दिसलाच पाहिजे. दुसरा घरगुती पक्ष: कुणा आजीबाईच्या दगडी घरात वरची खोली घ्या, सकाळचा नाश्ता त्याच करून घालतात. तिसरा पक्ष जुन्या गल्लीतल्या पबच्या वरच्या खोल्यांवर फिदा, कारण स्वस्त. खाली रात्रभर फिडल आणि ढोल वाजतात हे अभिप्रायांत लिहिलेलं होतं, पण ज्यांच्या गल्लीत गणपतीचा डीजे दहा दिवस असतो त्यांना फिडलची काय भीती? चौथा पक्ष अर्थात "कशाले पैसे घालता" वाल्यांचा. तो प्रत्येक गावात असतो आणि लिंक सगळ्यात आधी तोच उघडतो.

किल्ल्याची गंमत ऐका. तेराव्या शतकापासून उभा आहे. त्यात शतकानुशतकं राहिलेल्या बटलर घराण्यानं १९६७ मध्ये तो गावाला देऊन टाकला. कितीला? ५० पौंडांना! अख्खा किल्ला, बुरुज, दिवाणखाने, सगळं. आणि आज त्याच किल्ल्यासमोरच्या खिडकीत एक रात्र झोपायचं, तर ५० पौंडांत बरी खोली मिळणं मुश्कील. कारंज्याच्या काकांनी हा हिशेब ऐकला आणि दोन दिवस जेवण गेलं नाही त्यांना. "५८ वर्षं आधी जायला पायजे होतं," एवढंच म्हणत राहिले.

घरगुती पक्षाचा घात नाश्त्यानं केला. यादीत ‘ब्लॅक पुडिंग' होतं. काकू खूश. पुडिंग म्हणजे गोडाधोडाचं, शिऱ्यासारखं काहीतरी असणार. सुनेनं फोनवर हळूच सांगितलं, आई, त्यात डुकराचं रक्त असतं. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असणाऱ्या त्या घरात त्यानंतर जी शांतता पसरली, ती अजून पुरती उठलेली नाही. आणि तरी बेत रद्द झाला का? नाव नको! काकूंनी शेंगदाण्याची चटणी वाढवली, इतकंच.

शिवाय त्या गावात कायटेलर नावाची एक जुनी खानावळ आहे. नाव जिच्यावरून पडलं ती डेम ॲलिस कायटेलर, सावकारीण, चार नवरे केलेली. १३२४ मध्ये तिच्यावर चेटकीण म्हणून खटला चालला. बाई शहाणी, ती निसटली. जाळली गेली बिचारी तिची मोलकरीण, पेट्रोनिला. हे ऐकून आपल्याकडच्या बायकांनी हळहळावं की नाही? हळहळल्या. मोलकरणीसाठी हळहळल्या, आणि लगेच दुसरा प्रश्न: "चार? चौघांचं काय झालं मंग?" एवढ्या एका माहितीवर पबवाला पक्ष रातोरात वाढला.

आता यातली खरी मजा कुठं आहे, पाहा. किलकेनीची जुनी तटबंदी बहुतेक गेली, काळ्या झग्याच्या साधूंची म्हणून एक वेस तेवढी उरलीय. त्या तटाच्या आतच खोली हवी म्हणून जीव टाकणारं हे कुटुंब जन्मलं, वाढलं कुठं? कारंज्यात. चार वेशींच्या गावात. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून जिथं अख्खा महाराष्ट्र गुरुमंदिरात माथा टेकायला येतो. जिथल्या जैन मंदिरांतलं लाकडी कोरीवकाम पाहून डोळे फिरतात, जिथं जुन्या पोथ्यांची भांडारं आहेत. त्या गावाला कुणी विचारलं का, तटाच्या आत खोली आहे का हो, खिडकीतून वेस दिसते का? उलट वेशीच्या आतला माणूस वेशीच्या बाहेर बंगला बांधतोय. का? पार्किंग.

आणि वाशिमचं तर विचारूच नका. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मुक्कामाच्या या वेडाची मूळ पेठ आपणच. वाकाटकांची एक राजधानी म्हणजे आपलं वत्सगुल्म. पाचव्या शतकाच्या अखेरीस इथल्या हरिषेण राजाचा प्रधान होता वराहदेव. या गृहस्थानं काय केलं? अजिंठ्याला १६ व्या क्रमांकाचं लेणं कोरून घेतलं, पावसाळ्यात भिक्षूंना राहायला. मधे ऐसपैस दालन, कडेनं खोल्या, समोर वाघूर नदीचं वळण. आणि वर एक शिलालेख ठोकून दिला, त्यात खिडक्या, दारं, मूर्ती, पाण्याचं मोठं टाकं, सगळ्यांचं रसभरीत वर्णन! हॉटेलवाल्यांनी आज माहितीपत्रकात वेगळं काय लिहिलंय? नदी दिसते, पाणी चोवीस तास, आत देऊळ. फक्त "सकाळचा नाश्ता समाविष्ट" तेवढं राहिलं, कारण भिक्षूंना तो मागूनच आणायचा होता. शेजारचं १२ नंबरचं लेणं तर त्याहून कितीतरी जुनं. तिथं बारा खोल्या आणि खोलीखोलीत दोन-दोन दगडी ओटे झोपायला. गादी दाबून पाहायची सोय नाही. तक्रार करणार कुणाकडे?

एवढ्यावर थांबलो नाही आपण. नवव्या-दहाव्या शतकातल्या राजशेखरानं ‘काव्यमीमांसा' नावाच्या ग्रंथात एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडला. त्याला वळवायला गौरीनं साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि मागं धाडली. पूर्वेकडचे देश झाले, पांचाल झाला, अवंती झाली, दक्षिण झाली. एकेका प्रांतात ती नवा वेष करते, नवं नृत्य करते, तो थोडा थोडा विरघळतो. आणि शेवटी लग्न कुठं लागलं? उज्जैनला? काशीला? विदर्भात, वत्सगुल्मात! मदनाचं खेळायचं ठिकाण असं आपल्या गावाचं वर्णन केलंय त्यानं. वाशिमचं! उन्हाळ्यात दुपारी पाटणी चौकात उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगून पाहा, तो तुम्हाला सावलीत बसवून पाणी पाजेल. पण लिहिलंय खरं. लोक उदयपूरला जाऊन लग्नं लावतात, राजवाड्याच्या गच्चीवर, माणशी हजारो मोजून. साक्षात काव्यानं भारतभर फिरून लग्नासाठी वाशिम निवडलं होतं, तेही गांधर्वविधीनं, म्हणजे मंगल कार्यालयाचं भाडं शून्य.

तरी आज वाशिमला मुक्काम कोण करतं? औषध कंपनीचा प्रतिनिधी, बदलून आलेला साहेब आणि मुलगी पाहायला आलेले पाहुणे. बाकी समृद्धी महामार्गानं सगळ्यांची सोय करून ठेवलीय. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला, २०२५ मध्ये पार मुंबईच्या वेशीपर्यंत गेला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, जिथं हवं तिथं खाली उतरता येतं. पण ताशी १२० नं निघालेला माणूस उतरतो कशाला? उतरलाच तर गुरुमंदिर करतो, पोहरादेवीला जाऊन सेवालाल महाराजांना नमस्कार करतो, नवं नंगारा म्युझियम पाहतो, शिरपूरला पार्श्वनाथाचं दर्शन घेतो आणि दिवे लागायच्या आत पुन्हा रस्त्यावर. मुक्काम कुठं? "शेगावले. तिथं रूम चांगली भेटते."

बोला आता! पण बोलणार कोण? आपण? आपल्या मोबाईलमध्ये काय काय दडलंय ते काढू का बाहेर? कोकणात समुद्रकाठी घेतलेल्या खोलीचे फोटो एकोणतीस आणि समुद्राचे तीन, हे कुणाच्या घरातलं? "पोह्यात शेंगदाणे कमी, बाकी स्टाफ नम्र" असा अभिप्राय रात्री बाराला कुणी लिहिला? शॉवरचा तो लवचीक नळ आवडला म्हणून वाशिमला येऊन प्लंबरला कुणी बोलावलं? आणि या महिन्यात, कुठंही जायचं नसताना, नुसतं उगाच, किलकेनीची नदीकाठची खोली कितीला पडते ते कुणी कुणी पाहिलं? हात वर करा. सगळ्यांनीच करू नका, छताला लागतील.

पाहिलं तर पाहिलं! त्यात लाजायचं काय? आयर्लंडचा पंतप्रधान झालेला लिओ वराडकर मूळचा मालवण तालुक्यातल्या वराडचा. २०१९ च्या डिसेंबरात तो सहकुटुंब आजोबांच्या गावी येऊन गेला. कोकणवाल्यांनी केवढं मिरवलं ते! तो इकडे येतो, तर आपण तिकडे का जाऊ नये? आणि गेलो तर काय रस्त्यावर झोपायचं?

फक्त एक करा. कुठं जायचं ते जा, किल्ल्यासमोर झोपा नाहीतर पबच्या वर. पण एक रात्र वाशिमला काढा. बालाजीच्या देवळाजवळ, देवतलावाच्या बाजूला कुठंही, जिथं जमेल तिथं. सकाळी मध्यमेश्वराला जा. लंकेपासून मेरूपर्यंतची मध्यरेषा या गावावरून जाते असं जुने ज्योतिषी मानायचे, म्हणजे पूर्वी पृथ्वीचा हिशेब आपल्या दारावरून व्हायचा. मग पद्मतीर्थावर पाय धुवा. खोलीचा फोटो आम्हाला अजिबात पाठवू नका, असल्या चोचल्यांचा आम्हाला मनस्वी तिटकारा आहे.

बरं, पाठवा. मोरीचाही पाठवा. बादली दिसेल असा.